अणुशक्तीचा जमाखर्च

गेल्या पावसाळ्यांत आमच्या लोअर परळच्या एका जुन्या वाचनालयांत महाविद्यालयीन विद्यार्थ्यांची वक्तृत्वस्पर्धा झाली. परीक्षक म्हणून मला पाचारण होतें. विषय होता, 'अणुशक्ति : शाप कीं वरदान ?' बारा विद्यार्थी बोलले. सहांनीं हिरोशिमाची राख आमच्या डोळ्यांपुढें उधळली, सहांनीं अणूच्या गर्भांतून रामराज्य काढून दाखविलें, आणि बाराही जणांनीं शेवटीं 'शक्ति वाईट नसते, तिचा वापर वाईट असतो' या सर्वतोभद्र वाक्यावर येऊन टाळ्या घेतल्या. मीं गुण दिले, चहा घेतला आणि घरीं आलों. परंतु त्या बारांपैकीं एकालाही जो प्रश्न सुचला नाहीं, तो मला त्या रात्रीं स्वस्थ झोंप येऊं देईना. शाप असो कीं वरदान असो. वरदान कोणाला आणि शाप कोणाला?

आमच्या पुराणकारांना हा प्रश्न सुचत असे. वर कोणी मागितला, कोणी दिला आणि तो कोणाच्या मस्तकावर येऊन आदळला, हें सांगितल्यावांचून ते कथा पुरी करीत नसत. आम्हां सुशिक्षितांना मात्र 'मानवजातीचें कल्याण' आणि 'मानवजातीचा संहार' अशा प्रचंड शब्दांची इतकी संवय जडली आहे कीं, या मानवजातींत कांहीं माणसें लोअर परळला राहतात आणि कांहीं माडबनला राहतात, एवढी साधी गोष्ट आमच्या ध्यानांतून निसटते. मी अर्थशास्त्राचा अध्यापक आहें. अणूच्या पोटांत काय चालतें तें मला पुस्तकापुरतेंच ठाऊक. परंतु जमाखर्च कसा वाचावा हें थोडेंबहुत कळतें. आणि माझें म्हणणें एवढेंच आहे कीं, अणुशक्तीचा जो हिशेब आज आमच्यापुढें ठेवण्यांत येतो, त्यांत जमा एकाच्या वहींत आणि खर्च दुसऱ्याच्या वहींत लिहिलेला आहे. असल्या हिशेबाला कोणत्याही पेढीवर लबाडी म्हणतात. राष्ट्राच्या पेढीवर त्याला विकास म्हणण्याचा प्रघात पडला आहे.

लोअर परळच्या रहिवाशाला तर हा हिशेब नवा वाटूं नये. १९१५ सालीं खोपोलीच्या टाटा जलविद्युत् केंद्रांतून मुंबईच्या गिरण्यांना वीज येऊं लागली, तेव्हां आमच्या या भागाचें भाग्य उजळलें. लोणावळ्याच्या डोंगरांत पडलेला पाऊस नळांतून खालीं कोसळावा, त्यानें चक्रें फिरावीं आणि परळांतील चात्यांनीं सूत कातावें, ही योजना बुद्धीची होती, देशी भांडवलाची होती, आणि तिच्यामुळें गिरण्यांची कोळशाची गरजही कमी झाली. पुढें याच योजनेची एक पायरी म्हणून मुळशीचें धरण निघालें. तेथील मावळ्यांनीं १९२१ च्या एप्रिलांत सत्याग्रह आरंभिला. सेनापति बापट त्याचे पुढारी झाले, त्यांनीं कारावास भोगला, आणि १९२४ पर्यंत चाललेला तो लढा शेवटीं मोडला. १९२७ मध्यें भिऱ्याचें केंद्र सुरू झालें. बापट हे विज्ञानाचे वैरी होते असें कोणी म्हणूं नये. इंजिनिअरिंग शिकण्यासाठीं एडिंबरोपर्यंत जाऊन आलेले ते गृहस्थ होते. त्यांचा वाद विजेशीं नव्हता. भाताचीं खाचरें बुडावयाचीं मावळांत आणि यंत्रें फिरावयाचीं मुंबईंत, हा व्यवहार कोणत्या न्यायानें ठरला, एवढेंच ते विचारीत होते. या प्रश्नाला शंभर वर्षें होऊन गेलीं. मुळशीचें पाणी आजही भिऱ्यास उतरतें. उत्तर मात्र आलेलें नाहीं.

त्या गिरण्याही आतां गेल्या. १८ जानेवारी १९८२ रोजीं सुरू झालेल्या संपानंतर त्यांचे भोंगे एकेक करून मुके झाले, आणि त्यांच्या जागीं दुकानांचे महाल, कचेऱ्यांच्या कांचेच्या इमारती आणि गगनाला भिडणारीं निवासस्थानें उभीं राहिलीं. फिनिक्स मिलच्या आवारांत आज जें बाजाराचें इंद्रभुवन आहे, तेथें वैशाखांतील भर दुपारींही अंगावर कांहीं पांघरावेंसें वाटतें. माझा एक माजी विद्यार्थी अशाच एका मनोऱ्याच्या एकतिसाव्या मजल्यावर राहतो. परवां त्याच्याकडे जेवावयास गेलों असतां जैतापूरचा विषय निघाला. "सर," तो म्हणाला, "कोंकणांतल्या लोकांना प्रगति नकोच आहे. फ्रान्समध्यें दोनतृतीयांश वीज अणूची आहे, तिथं कोणाचं काय बिघडलं ? आपल्या गरीब देशाला हा अडाणीपणा परवडणार आहे कां ?" मीं विचारलें, "मग हीच भट्टी वरळीच्या किनाऱ्यावर बांधली तर तुझी संमति आहे ना ?" तो हंसला आणि सहज म्हणाला, "असं कसं चालेल सर ? इथं केवढी वस्ती आहे !"

मुलगा सज्जन आहे, हुशार आहे, दानधर्मही करतो. म्हणूनच त्याच्या या उत्तराचें मला विशेष वाटलें. ज्या वस्तूंत कसलाही धोका नाहीं असें तो पांच मिनिटांपूर्वीं सांगत होता, ती वस्तु दाट वस्तींत नको, हेंही त्याला न शिकवितां ठाऊक होतें. ट्रॉम्बेला संशोधनाच्या भट्ट्या मुंबईच्या कुशींतच आहेत, असें कोणी म्हणेल. आहेत खऱ्या, परंतु ध्रुव ही भट्टी शंभर मेगावॉट उष्णतेची, आणि जैतापूरची एकेक नियोजित भट्टी सोळाशें पन्नास मेगावॉट विजेची. अशा सहा भट्ट्या, एकूण ९,९०० मेगावॉट, एकाच पठारावर. तेव्हां धोका आहे हें दोन्ही पक्षांना मान्य आहे. वाद आहे तो फक्त, तो कोणाच्या दारीं असावा, एवढाच.

आतां दुसरी बाजू मांडणें न्यायाचें आहे, आणि ती मी मनापासून मांडतों. कारण अणुशक्तीला निव्वळ राक्षसीण ठरविणाऱ्या मंडळींतही मला बसावयाचें नाहीं. कोळशाची वीज निरुपद्रवी नाहीं. चंद्रपूरच्या औष्णिक केंद्राची शक्ति २,९२० मेगावॉट आहे. तेथील राख आणि धूर वर्षानुवर्षें तेथील लोकांच्या छातींत जातो, आणि वीज राज्यभर जाते. हा मृत्यु हळूहळू आणि एकेकट्यानें येत असल्यामुळें त्याची बातमी होत नाहीं, एवढाच त्याचा सभ्यपणा. वातावरण तापत आहे आणि समुद्र चढत आहे, हीही कल्पित भीति नव्हे. २६ जुलै २००५ रोजीं सांताक्रूझला एका दिवसांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हां मुंबईची काय दशा झाली तें आम्हीं पाहिलें आहे. आणि भरावाच्या सखल जमिनीवर वसलेल्या आमच्या भागाला चढत्या समुद्राचें भय इतरांहून अधिक आहे. धूर न सोडतां रात्रंदिवस वीज देणारी शक्ति कोणाला नको आहे ? तारापूरची भट्टी १९६९ पासूनची. किनाऱ्यावरील लोकांना घर सोडून पळावें लागेल असा प्रसंग तिनें आणलेला नाहीं. दक्षिण कोरिया १९७८ मध्यें पहिली भट्टी चालवूं लागला तेव्हां तो धनाढ्य देश नव्हता. आज तो अरबस्तानच्या वाळवंटांत चार भट्ट्या बांधून देऊन मोकळा झाला आहे. आमच्याही लोकांनीं काक्रापारला सातशें मेगावॉटच्या दोन स्वदेशी भट्ट्या २०२३ व २०२४ मध्यें वाहत्या केल्या. गरीब देशाला हें काम झेपणारच नाहीं, असें म्हणणें म्हणजे आपल्याच कारागिरांचा उपमर्द करणें होय.

मग अडतें कोठें ? भट्टीभोंवतीं माणसाचें राज्य असतें, तेथें अडतें. आमच्या वस्तीपासून हांकेच्या अंतरावर, एल्फिन्स्टन रोड स्टेशनच्या पुलावर, २९ सप्टेंबर २०१७ रोजीं चेंगराचेंगरी होऊन तेवीस माणसें मेलीं. पूल अरुंद आहे, हें रोज त्यावरून जाणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक होतें. बरोबर तीन महिन्यांनीं, २९ डिसेंबरच्या मध्यरात्रीं, कमला मिलच्या आवारांत गच्चीवरील उपाहारगृहांना आग लागून चौदा जीव गेले. आगीचे नियम पुस्तकांत होते, तपासणीचे अधिकारी पगारावर होते, सह्या कागदावर होत्या. जिन्याची रुंदी आणि गच्चीवरचें छप्पर ज्या कारभाराला सांभाळतां आलें नाहीं, त्याच कारभाराला आम्ही चाळीस-पन्नास वर्षें एक क्षणही डुलकी न घेण्याची अट घालून अणुभट्टी सोंपविणार आहों. यावर कोणी म्हणेल, अणुखात्याची शिस्त निराळी आहे. असेलही, ती आहे असें मलाही वाटतें. परंतु शिस्तीचें माहेरघर म्हणून ज्याची ख्याति, त्या जपानांत ११ मार्च २०११ रोजीं फुकुशिमा घडलें, दीड लाखांवर माणसें घरदार सोडून निघालीं, आणि पुढील वर्षीं त्यांच्याच संसदेनें नेमलेल्या चौकशी मंडळानें 'हें संकट मनुष्यनिर्मित होतें' असा स्पष्ट निकाल दिला. देखरेख करणारा आणि चालविणारा एका पंक्तीला बसूं लागले म्हणजे काय होतें, तें त्या अहवालांत आहे. आमच्याकडे १९८३ मध्यें स्थापिलेलें अणुऊर्जा नियामक मंडळ अनेक वर्षें अणुखात्याच्याच छायेंत वाढलें, आणि २०१२ मध्यें भारताच्या महालेखापरीक्षकांनीं त्याच्या परावलंबित्वावर बोट ठेवलें. नव्या कायद्यानें त्याला वैधानिक दर्जा मिळाला आहे. परंतु दर्जा निराळा आणि पाठीचा कणा निराळा.

दुसरी अडचण पैशाची, आणि ती गरीब देशाला धनिक देशापेक्षां अधिक बोंचते. जैतापूरसाठीं ठरलेल्या फ्रेंच जातीची भट्टी फिनलंडमध्यें २००५ सालीं बांधावयास घेतली. २००९ मध्यें वीज मिळावयाची होती, ती नियमितपणें मिळूं लागली २०२३ मध्यें. खुद्द फ्रान्समध्यें फ्लामांव्हिल येथें २००७ मध्यें आरंभिलेली तसलीच भट्टी डिसेंबर २०२४ मध्यें जोडली गेली, आणि तिचा खर्च सुमारें सवातीन अब्ज युरोंवरून तेरा अब्जांवर गेला. चीनमध्यें तैशान येथें मात्र अशाच दोन भट्ट्या २०१८ व २०१९ मध्यें चालू झाल्या, हेंही सांगितलें पाहिजे. तरी मूळ कारागिराच्या अंगणांत ज्या वस्तूचा हिशेब चौपट झाला, ती आमच्या अंगणांत स्वस्तांत पडेल, ही आशा कोणत्या आधारावर करावयाची? फिलिपीन्सनें १९७६ मध्यें बाताआन येथें भट्टी बांधावयास घेतली. दोनशें कोटी डॉलरांहून अधिक खर्चून ती १९८४ मध्यें पुरी झाली. तिनें एक दिवाही लावला नाहीं, आणि तिचें कर्ज मात्र त्या देशानें २००७ पर्यंत फेडलें. इतक्या दूर कशाला जा ? रत्नागिरी जिल्ह्यांतच दाभोळला एन्रॉनचा वीजप्रकल्प १९९९ मध्यें सुरू झाला आणि दोन वर्षांत दराच्या वादांत बंद पडला; त्या कराराचे चटके या राज्यानें किती सोसले तें वाचकांना आठवत असेल. आणि तारापूरचा तो एक धडा : भट्टी अमेरिकेची, इंधनही अमेरिकेचें, १९७४ च्या पोखरणनंतर तें इंधन अडलें, आणि आम्हांस पुढें फ्रान्स, चीन, रशिया अशीं दारें धुंडाळावीं लागलीं. साठाच्या दशकांत आमच्या धुरीणांनीं १९८७ पर्यंत वीस हजार मेगावॉट अणुवीज होईल असें भाकीत केलें होतें. आज सर्व भट्ट्यांची बेरीज नऊ हजारांच्या आंतच आहे, आणि देशाच्या विजेंत तिचा वांटा शेंकडा तीनच्या आसपास आहे. आतां २०४७ पर्यंत एक लाख मेगावॉटचें उद्दिष्ट जाहीर झालें आहे. उद्दिष्ट मोठें असावें. परंतु मागचीं भाकितें विसरून पुढचीं करणें याला दूरदृष्टि म्हणत नाहींत.

तथापि पैसा आणि शिस्त या दोन्ही अडचणी माणसाच्या हातच्या आहेत. खरी गांठ तिसरीकडे आहे, आणि ती कायद्याची आहे. १९८४ च्या डिसेंबरांत भोपाळला विषारी वायूनें हजारों माणसें मारलीं. १९८९ मध्यें सत्तेचाळीस कोटी डॉलरांवर तडजोड झाली. मेलेल्यांच्या आणि जन्माचे पंगु झालेल्यांच्या वांट्याला काय आलें तें जगानें पाहिलें. त्या अनुभवानें पोळलेल्या आमच्या संसदेनें २०१० च्या अणुदायित्व कायद्यांत एक शहाणपणाचें कलम घातलें : यंत्र सदोष निघून अपघात झाला, तर भट्टी चालविणाऱ्यास यंत्र विकणाऱ्यावर दाद मागण्याचा हक्क राहील. परदेशी विक्रेते या कलमावर रुसले; पंधरा वर्षें रुसून बसले. आणि डिसेंबर २०२५ मध्यें संसदेनें जो नवा कायदा केला, त्यानें या क्षेत्राचें दार खासगी कंपन्यांना उघडलें आणि सदोष मालाबद्दलचा तो हक्क गाळून टाकला. आतां करारांत निराळें लिहून घेतलें तर गोष्ट वेगळी. मोठ्यांत मोठ्या भट्टीच्या चालकाची जबाबदारीही तीन हजार कोटी रुपयांवर थांबते. त्यापुढें काय तें सरकार पाहील. फुकुशिमाच्या भरपाईपोटीं आजवर दहा लाख कोटी येनांहून अधिक रक्कम द्यावी लागली आहे. आमच्या चलनांत ती पांच लाख कोटी रुपयांच्या पलीकडे जाते. तीन हजार कोटी म्हणजे त्या रकमेचा शंभरावा हिस्सादेखील नव्हे. या कायद्याच्या लांबलचक इंग्रजी नांवाच्या आद्याक्षरांतून 'शांति' असा शब्द साधला आहे. आमच्या घरीं ग्रहशांति होते तेव्हां निदान यजमानाला पीडा टळण्याचें आश्वासन तरी मिळतें. येथें दक्षिणा यजमानाची, पीडाही यजमानाची, आणि अभय मात्र पुरोहिताला !

भस्मासुराला शंकरानें वर दिला, तेव्हां त्या वराची पहिली झळ शंकरालाच लागली. स्वतःच्या वरापुढें त्याला पळावें लागलें. कथाकारांनीं देवालाही ज्या जबाबदारींतून सोडलें नाहीं, तिच्यांतून आम्हीं पॅरिसच्या आणि न्यूयॉर्कच्या व्यापाऱ्यांना सोडलें. आणि एक साधा प्रश्न : आपली वस्तु निर्धोक आहे असें जो विक्रेता शपथेवर सांगतो, तो तिच्या दोषाची हमी देण्यास कां कचरतो ? परळच्या पदपथावर छत्री विकणारा देखील काडी मोडल्यास बदलून देतों म्हणतो.

ज्यांच्या अंगणांत हा वर उतरावयाचा आहे, त्यांच्याकडे आतां वळूं. राजापूर तालुक्यांत माडबन, निवेली, करेल, मिठगवाणे या गांवांच्या परिसरांत सुमारें ९३८ हेक्टर जमीन या प्रकल्पासाठीं संपादन झाली. डिसेंबर २०१० मध्यें फ्रान्सशीं करार झाले. तीन महिन्यांनीं फुकुशिमा घडलें. आणि १८ एप्रिल २०११ रोजीं साखरी नाट्याच्या निदर्शनांत पोलिसांच्या गोळीबारानें एक मच्छीमार तरुण मेला. पुढें भरपाईचा दर वाढला आणि पुष्कळ जमीनधारकांनीं ती स्वीकारली, हेंही नमूद केलें पाहिजे. परंतु जमीनधारकाच्या हातांत निदान सातबारा असतो. कोळ्याच्या सातबाऱ्यावर समुद्र लिहिलेला नसतो. भट्ट्यांना थंड करून गरम झालेलें पाणी ज्या समुद्रांत परत जाईल, त्या समुद्रावरच त्याची चूल चालते, आणि त्या चुलीचा पंचनामा कोणी करीत नाहीं. पंधरा वर्षें होऊन गेलीं, भट्टीचें बांधकाम सुरू झालेलें नाहीं. आणि घर बांधावें कीं नाहीं, कलम लावावें कीं नाहीं, मुलगी द्यावी कीं नाहीं, या विवंचनेंत तेथील एक पिढी मोठी झाली. ही किंमतही कोणाच्या वहींत नाहीं.

आणि हे लोक आम्हां परळकरांना परके आहेत काय ? आमच्या गिरण्या ज्यांनीं चालविल्या ते हात याच रत्नागिरी जिल्ह्याचे होते. आमच्या गल्लींतील चाळींत राजापूरकडील एक वृद्ध गिरणीकामगार राहतात. सारी चाळ त्यांना नाना म्हणते. गणपतीला गांवीं जाऊन आले कीं माझ्याकडे येतात आणि चार कोंकमें देऊन जातात. मागें एकदां मीं त्यांना जैतापूरबद्दल विचारलें. ते बराच वेळ गप्प राहिले, मग म्हणाले, "मास्तर, गिरणी होती तेव्हां मुंबईला आमचे हात हवे होते. आतां गांवाकडची आमची जमीन हवी आहे. आम्ही माणसं कुठं हवी आहोंत, तेवढं कोणी सांगत नाहीं." मला उत्तर सुचलें नाहीं. माझ्या घरींही दोन खोल्यांत वातानुकूलन यंत्रें आहेत.

'राष्ट्रहितासाठीं कोणीतरी त्याग केलाच पाहिजे', हें वाक्य या ठिकाणीं हमखास येतें, आणि तें नेहमीं त्याग न करणाऱ्याच्या मुखांतून येतें. त्याग हा शब्द आपल्या भाषेंत कर्त्याच्या इच्छेवर उभा आहे. जो दुसऱ्याकडून करवून घेतला जातो त्याला आपण बळी म्हणतों. तारापूरच्या तिसऱ्या आणि चौथ्या भट्टीसाठीं अक्करपट्टी आणि पोफरण हीं दोन गांवें उठलीं. त्यांच्या पुनर्वसनाच्या तक्रारी उच्च न्यायालयापर्यंत गेल्या. ज्यांच्या अंगणांतून राष्ट्राला वीज जाते त्यांना घराच्या भिंतींसाठीं न्यायालयाची पायरी चढावी लागावी, हा त्याग नव्हे. दुसरा आक्षेप असा कीं, असे हिशेब करीत बसलों तर चीन पुढें जाईल. चीन पुढें जावो. आपल्या माणसांना फसवून त्याला गांठणें ही शर्यत जिंकण्यासारखी नाहीं. तिसरा आक्षेप मात्र खरा आहे : मग कोळशाचें काय ? चंद्रपूरच्या माणसाचा हिशेब कोण करणार ? त्याचाही केला पाहिजे. माझा मुद्दा अणूपुरता नाहींच. चंद्रपूर, मुळशी आणि माडबन या तीन गांवांचा प्रश्न एकच आहे. फरक इतकाच कीं, अणूच्या बाबतींत चूक झाली तर ती पिढ्यान्‌पिढ्या पुरते. म्हणून हिशेब अगोदर झाला पाहिजे.

केवळ दोष दाखवून थांबणें हें समीक्षकाला शोभेल, नागरिकाला शोभणार नाहीं. म्हणून माझें मागणें काय तें सांगतों. पहिलें, जो यंत्र विकतो त्यानें त्याच्या दोषाची जबाबदारी कायद्यानेंच उचलावी. ज्याला हें मान्य नाहीं त्याचें यंत्र, तें कितीही सुबक असो, आम्हांस नको. सोळाशें मेगावॉटच्या परदेशी भट्टीपेक्षां सातशेंची स्वतःची भट्टी, जिचा प्रत्येक खिळा आपल्याला ठाऊक आहे, ती बरी. दुसरें, नियामक मंडळाचे तपासणीचे अहवाल भट्टीभोंवतालच्या गांवांत मराठींत, ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लागावे. संकटकाळीं कोणत्या वाटेनें, कोणत्या वाहनानें, कोठें जावयाचें, याचा सराव कोळणीला आणि शाळकरी पोराला करून दाखवावा. तिसरें, ग्रामसभेचा होकार हा उपचार नसून अट असावी. आणि चौथें, जें आम्हां परळवासीयांना झोंबेल : ज्या घराला आणि ज्या दुकानाला मर्यादेपलीकडे वीज लागते, त्याच्या बिलांतून दर युनिटामागें एक जोखीमपट्टी कापून ती वीज निर्मिणाऱ्या गांवांच्या नांवें, त्यांच्याच ताब्यांत, जमा व्हावी. अपघात झाला तर नव्हे. भट्टी चालू आहे तोंवर, दरसाल. जोखीम ही रोज वाहिली जाते, तेव्हां तिचें भाडेंही रोजचेंच असलें पाहिजे.

या चार गोष्टी झाल्या तर मी जैतापूरचा विरोधक राहणार नाहीं. अणुशक्ति तेव्हां महाग पडेल, असें म्हणतील. पडेल. ती आजही तितकीच महाग आहे. फक्त तिच्या किंमतीचा मोठा भाग साखरी नाट्याचा कोळी भरीत आहे आणि आम्ही उरलेल्या भागाला स्वस्त म्हणत आहों. खरी किंमत बिलावर आली, म्हणजे कदाचित् आमच्यांतील कांहींना भर उन्हाळ्यांत पांघरूण घेऊन निजण्याची आवश्यकता वाटणार नाहीं, आणि लागणाऱ्या भट्ट्यांची संख्याही थोडी कमी होईल. हा लाभ कोणत्याही प्रकल्प-अहवालांत मांडलेला मला आढळला नाहीं.

त्या वक्तृत्वस्पर्धेचें पारितोषिक मीं ज्या मुलाला दिलें, तो परवां रस्त्यांत भेटला. पुढील वर्षीं त्याच वाचनालयांत पुन्हां स्पर्धा आहे, आणि विषय सुचविण्याचें काम माझ्याकडे आलें आहे. मीं लिहून पाठविला आहे : 'आपल्या घरांतील वीज कोणाच्या गांवाहून येते ?' मुलांनीं हा विषय अवघड म्हणून तक्रार केली आहे, असें कळतें. घरीं जाऊन वडिलांना विचारा, असें मीं त्यांना कळविलें आहे.